कार्तिकीची जागा

“मग सांगा ना बाबा, यात माझी निवड कुठं होती?”

डॉक्टर प्रभंजन कुलथे दुसऱ्यांदा तेच विचारत होता. धोंडगिरीबाबा ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी जेवण जिरू दे,” ते म्हणाले.

आत स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज चालू होता.

हा डॉक्टर आमच्याच मठात वाढला. बाप गेल्यावर आईनं त्याला इथं आणून सोडलं. खालच्या गावातल्या शाळेत तो इथूनच चालत जायचा. मग शिकत शिकत इतका लांब गेला की त्याच्या कामाचं नावसुद्धा आम्हाला धड घेता येईना. आता त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो. येऊ दे. मला काही त्याला अहोजाहो करायला जमत नाही. शेंबडा होता तेव्हापासून मी त्याच्या ताटात वाढलं आहे.

वाढणं हेच माझं काम. मी लिंबाजी. मठाची पंगत माझ्याकडे असते.

आमचा मठ बालाघाटच्या डोंगरात आहे. देव लहान, देऊळ लहान आणि उत्पन्न त्याहून लहान. पण एक रीत आहे आणि ती कुणी मोडत नाही. नव्या माणसाला आम्ही ‘इथं बसा, तिथं बसा’ असं सांगत नाही. तोही आपल्या मनानं बसत नाही. मठातलं जे कुणी समोर असेल ते त्याचा हात धरतं, पंगतीत नेतं आणि आपल्या शेजारी बसवतं. एकदा बसला की ती जागा त्याची झाली. मग तो परगावी जावो, रुसून जावो की देवाघरी जावो, तिथं दुसरं कुणी बसत नाही. त्यामुळे आमची पंगत म्हाताऱ्याच्या दातांसारखी दिसते, मधे मधे फटी. बाहेरचे लोक बघून हसतात. आम्ही त्यांनाही वाढतो.

आज दुपारी पंगत बसली आणि प्रभंजनची गाडी खाली पिंपळापाशी थांबली. बऱ्याच वर्षांनी आला होता. बुटाच्या नाड्या सोडतानाच त्यानं बोलायला सुरुवात केली. हातपाय धुतले, सगळ्यांकडे बघून हसला, आणि सरळ जाऊन बाबांच्या डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेवर मांडी घालून बसला.

पंगत गप्प झाली. माझ्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली.

ती जागा कार्तिकीची होती.

आतला भाकरीचा आवाजही थांबला. चुलीपुढून ती जागा नेमकी समोर येते, आणि चुलीपुढं मंगल होती, कार्तिकीची आई. पोरगी गेली तेव्हापासून ती रोज सकाळी गावातून वर येते आणि मठाच्या भाकरी करते. तिला कुणी बोलावलं नाही आणि कुणी नकोही म्हटलं नाही.

मी बाबांकडे पाहिलं.

“लिंबाजी, वाढ,” बाबा म्हणाले.

मी वाढलं. थोड्या वेळानं आत पुन्हा थापायला सुरुवात झाली. प्रभंजन पोटभर जेवला. अशी भाकरी शहरात कुठं मिळते, म्हणाला, आणि आणखी एक मागितली. ती आणायला मी आत गेलो. मंगलनं तव्यावरची ताजी, टम्म फुगलेली भाकरी माझ्या हातात दिली. करपलेली दिली असती तरी मी काही बोललो नसतो.

 

जेवणं झाली. लोक पांगले. रानातली माणसं उशिरा जेवायला येतात, त्यांच्यासाठी मंगल आत भाकरी करत राहिली. बाबांनी तुरीच्या शेंगांची पाटी पुढं ओढली. मी खांबाला टेकून सुपारी कातरत बसलो. आणि प्रभंजननं बाबांपुढं आपलं बोलणं मांडलं.

पण ते सांगण्याआधी पोरीचं सांगायला हवं.

कार्तिकी जन्मली तीच दुबळी. रोगाशी झुंजायला जे अंगात लागतं ते तिच्या रक्तात नव्हतंच. आपल्याला सर्दी व्हावी, आपण शिंकावं आणि विसरून जावं. तिला मात्र त्याच सर्दीनं दवाखान्यात न्यावं लागायचं. मोठमोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. तेव्हा प्रभंजन नुकताच परदेशातून शिकून आला होता. तो म्हणाला, मी हिला बरी करतो.

आणि त्यानं केली. खोटं कशाला बोलू. पोरगी बरी झाली. ज्या दिवशी आईबापांनी तिला पंगतीला आणलं, त्या दिवशी बाबांनी तिचं बोट धरून तिला आपल्या शेजारी बसवलं. पुढची काही वर्षं ती या डोंगरावर करडासारखी हुंदडली. बोरं खाल्ली, गुडघे फोडून घेतले, शाळेत गेली, मास्तरांची नक्कल करून आम्हाला हसवलं. भाकरीचा पापुद्रा आधी खायची आणि बाकीची माझ्या ताटात आणून टाकायची.

मग तिला रक्ताचा कॅन्सर झाला. ज्या उपचारानं बरी झाली होती, त्याच उपचारातून झाला. प्रभंजननं स्वतःच तपासून तसं सांगितलं. सगळं केलं, काही उपयोग झाला नाही.

आता त्याचं बोलणं. मला समजलं तेवढं सांगतो.

काही विषाणू असे असतात की ते पेशीत शिरून थांबत नाहीत. पेशीच्या डीएनएमध्ये ते आपला तुकडा कायमचा बसवतात. त्यासाठी त्यांच्याजवळ एक एन्झाइम असतं, त्याला इंटिग्रेज म्हणतात. ते पेशीचा डीएनए कापतं आणि विषाणूचा तुकडा तिथं सांधतं. सांधा इतका बेमालूम की पुढं पेशीला घरचं कुठलं आणि बाहेरचं कुठलं ते कळत नाही. पेशीची पोरं, नातवंडं सगळी तो तुकडा घेऊनच जन्मतात.

प्रभंजननं असला एक विषाणू घेतला. त्यातलं वाईट काढून टाकलं आणि कार्तिकीकडं नसलेलं जनुक त्यात भरलं. तिच्या हाडांतल्या मगजातून रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढल्या, विषाणू त्यांच्यात सोडला, आणि त्या पेशी तिला परत दिल्या. पेशी लाखो होत्या आणि प्रत्येकीत तो तुकडा वेगळ्या ठिकाणी बसला. बहुतेक ठिकाणी त्यानं भलंच केलं.

एका पेशीत मात्र तो नको तिथं बसला. तिथं पेशीला वाढायला लावणारं एक जनुक होतं. पेशी कोवळी असते तोवर ते जागं असतं, मग त्यानं झोपी जायचं असतं. पण तुकडा त्याच्या उंबऱ्यातच बसला होता. त्यानं त्याला झोपू दिलं नाही. ती पेशी वाढतच राहिली.

इतकं सांगून प्रभंजन थांबला होता आणि त्यानं निवडीचं विचारलं होतं. बाबांनी जेवण जिरू दे म्हटलं, तिथवर तुम्ही ऐकलंच आहे.

मग बाबांनीच विचारलं, “पोरगी गेली तवा मंगलनं तुला काय विचारलं होतं?”

प्रभंजननं चष्मा काढला. बाबांना हे ठाऊक असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“तिथंच कामून बसलं ते, असं विचारलं.”

“तू काय म्हणलास?”

“योगायोग म्हणालो.”

“मग?”

“मग तिचे फोन यायचे...”

“मग?”

“मी कामात असायचो, बाबा.”

बाबांनी एक शेंग उकलली. दाणे सुपात टाकले.

“पण आता माझ्याकडं उत्तर आहे,” प्रभंजन म्हणाला आणि पुढं सरकून बसला. इथं मात्र त्याच्या अंगात वारं भरलं. तो योगायोग नव्हता, असं त्याचं म्हणणं. नुसत्या एन्झाइमला पेशीत कुठं जायचं ते कळत नाही. डीएनए जिथं वाकलेला असेल तिथं त्याला सांधायला सोपं जातं, एवढंच. पण पेशीचं स्वतःचं एक प्रोटीन असतं. जी जनुकं जागी आहेत, त्यांच्या आसपास ते वावरत असतं. एन्झाइमचा एक भाग नेमका त्या प्रोटीनच्या पकडीत बसतो. प्रोटीन जिथं, तिथं मग एन्झाइम. म्हणून तुकडा जाग्या जनुकाच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसतो.

त्या प्रोटीनची ओळख परदेशातल्या लोकांनी आधीच पटवली होती. रक्ताच्या मूळ पेशींत हे सगळं कसकसं घडतं ते प्रभंजनच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. त्यासाठी पुढच्या महिन्यात त्याचा मोठा सत्कार आहे, समुद्रापलीकडं. तिथं जाण्याआधी बाबांच्या पाया पडावं म्हणून तो आला होता. पाया पडायचं अजून राहिलंच होतं, पण ते असो.

त्यानं हातांनी करूनही दाखवलं. उजवा हात आंधळ्यासारखा हवेत चाचपडवला आणि डाव्या हातानं तो पकडून ओढत नेला.

“बघा,” तो म्हणाला, “एन्झाइमनं निवडलं नाही. मी तर नाहीच नाही. पेशीनंच हात धरून नेलं.”

बाबांची बोटं थांबली.

“हात धरून?”

“म्हणजे... बोलायची पद्धत.”

“ते प्रोटीन कुणाचं म्हणलास?”

“पेशीचं.”

“घरचं?”

“घरचंच.”

“त्याला कळतं का रे, आपण कुणाचा हात धरलाय ते?”

“त्याला काय कळणार, बाबा. ते आपलं रोजचं काम करत असतं.”

“रोजचं काम...” बाबा म्हणाले.

 पिंपळावर होले घुमत होते.

“मंजे कुणाचाच दोष नाही,” बाबा म्हणाले.

“कुणाचाच नाही.”

“बरं झालं.”

प्रभंजननं श्वास सोडला. जे घ्यायला तो एवढा डोंगर चढून आला होता ते त्याला मिळालं होतं. आता गप्प बसायला हवं होतं. पण फार शिकलेल्या माणसाला नुसतं मिळून भागत नाही, पावतीही लागते.

“पटलं ना तुम्हाला?” त्यानं विचारलं.

बाबांनी सूप बाजूला सारलं.

“आज जेवायला कुठं बसला होतास?”

“तुमच्या शेजारी.”

“तिथंच कामून?”

आतला भाकरीचा आवाज थांबला. मी ऐकलं. बाबांनीही ऐकलं असावं. प्रभंजननं नाही ऐकलं.

“मोकळी होती,” तो म्हणाला. “दारातून ऊन येत होतं. आणि तुमच्याजवळ बसायला मिळत होतं.”

“तुला कुणी हात धरून नेलं?”

“मला कशाला नेतील? मी काय पाहुणा आहे? मी इथलाच...”

तो बोलता बोलता थांबला.

“मग तुझी जागा कुठं हाय?” बाबांनी विचारलं.

त्यानं मान वळवून पंगतीच्या लांबच्या टोकाकडं पाहिलं. तिथं तिसऱ्या खांबाला लागून माझी बसायची जागा आहे. तिच्या शेजारी एक फट आहे. बाप गेलेलं एक रडवेलं पोर दारात उभं होतं, तेव्हा समोर मीच होतो. त्याचा हात मीच धरला होता.

“ती... अजून आहे?” तो मला म्हणाला.

“रोज झाडतो,” मी म्हणालो. आणि पुन्हा सुपारीत डोकं घातलं.

पोर इथं बसायला लागली तेव्हा प्रभंजन इथं नव्हता. कुठली जागा कुणाची झाली, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पण आपली स्वतःची जागा कुठली, एवढं तरी माणसाच्या लक्षात राहायला हवं. मला दुपारपासून तेच सलत होतं.

“मग मी बसलो ती जागा कुणाची?”

बाबांनी पाटीतली एक शेंग उचलली आणि तशीच परत ठेवली.

“बाबा, कुणाची?”

“कार्तिकीची.”

...

प्रभंजननं पंगतीकडं पाहिलं नाही. तो आपल्या हातांकडं बघत राहिला. जेवून नीट धुतलेले हात होते, तरी त्यानं ते गुडघ्यांना पुसले.

“मला उठवायचं होतं ना, बाबा.”

“बसलेल्याला उठवता येतं?”

“नाही,” तो म्हणाला. हे मात्र तो लगेच म्हणाला, प्रयोगशाळेत कुणी विचारावं तसं. “एकदा सांधलं की काढता येत नाही.” आणि आपलंच वाक्य ऐकून त्याचा चेहरा उतरला.

 ऊन ओसरीच्या कडेला आलं.

“ते उंबऱ्यापाशी जाऊन बसतं,” बाबा म्हणाले, “हे तवा ठाऊक होतं का रे तुला?”

“तेव्हा हे प्रोटीन...”

“प्रोटीनचं नाही विचारत.”

“...तुकड्याचा तिकडं कल आहे, एवढं ठाऊक होतं. छापून आलं होतं.”

“मंगलला सांगितलंस?”

“सांगितलं की तुकडा कुठंही बसू शकतो. कुठं ते कुणाला ठरवता येत नाही. धोका फार थोडा आहे.”

“आणि कल?”

प्रभंजननं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आणि कल, प्रभंजन?”

“नाही सांगितला.”

का सांगितला नाही, ते बाबांनी विचारलं नाही. त्यानं आपणहून सांगितलं, तुटक तुटक. ती घाबरली असती. कदाचित नको म्हणाली असती. जास्त सुरक्षित विषाणू करायचं काम तेव्हा सुरू झालं होतं, पण त्याला वर्षं लागणार होती. तोवर पोरगी जगली असती की नाही, सांगता येत नव्हतं. बहुतेक नसती जगली. नक्की कुणाला ठाऊक? आणि हेही त्यानंच सांगितलं, खाली मान घालून, की आपल्या देशात हे पहिल्यांदा आपल्या हातून व्हावं असं त्याला फार वाटत होतं.

मला राग आला. सुपारी कातरायचं थांबवून मी त्याच्याकडं पाहिलं. पण मग मला ती बोरं आठवली, फुटलेले गुडघे आठवले, मास्तरांची नक्कल आठवली. यानं खरं सांगितलं असतं आणि मंगल नको म्हणाली असती, तर त्यातलं काहीच आमच्या वाट्याला आलं नसतं. राग तसाच राहिला, पण तो कुणावर काढायचा ते मला कळेना.

“मंगल आधी माझ्याकडं आली होती,” बाबा म्हणाले.

प्रभंजननं वर पाहिलं.

“तुला हो म्हणायच्या आधी. पोरीला पदराखाली घेऊन इथंच बसली होती. म्हणली, बाबा, एवढीच हाय मला. देऊ का?”

बाबांचा आवाज मी इतकी वर्षं ऐकतो आहे. भजनात चढतो, कुणी मेलं तर खाली येतो, पण कापत नाही. आता तो कापला.

“मी तिचा हात धरला. म्हणलं, पोरगा आपल्या घरचा हाय. डोळे मिटून दे.”

...

“काय करणार हायेस, ते तुला विचारलं नाही. तिला काय सांगितलं, ते तिला विचारलं नाही. हात धरायचा, न्यायचं, बसवायचं. माझं रोजचंच काम होतं ते.”

हे मला ठाऊक नव्हतं. बाबांनी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पोरीच्या जागेशेजारी बसून ते रोज एवढंसं का जेवतात, ते मला आता कळलं. मी आपला म्हातारपण समजत होतो.

प्रभंजन बाबांच्या पायांपाशी सरकला. दुपारपासून राहिलेलं पाया पडणं आता झालं, पण ते कसलं पाया पडणं. त्यानं त्यांचे पाय नुसते घट्ट धरून ठेवले.

“बाबा, असं नका म्हणू. तुमचा यात काय दोष? तुम्हाला काय ठाऊक होतं?”

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“हेच तू मंगलला सांगणार होतास ना?”

प्रभंजनचे हात बाबांच्या पायांवरून सुटले. 

मी उठून पाणी आणलं. तांब्या त्याच्याजवळ ठेवला. त्यानं तो घेतला नाही. किती तरी वेळ तो ओसरीच्या शेणानं सारवलेल्या जमिनीकडं बघत होता. एवढा मोठा माणूस, पण पाठीनं त्या जुन्या पोरासारखा दिसत होता, आणि मला त्याची कीव आली. कार्तिकीची आली होती तशी नाही. पण आली.

शेवटी तो बोलला तेव्हा त्याच्या बोलण्यातलं एन्झाइम, प्रोटीन सगळं गेलं होतं. मंगलला भेटायला हवं, म्हणाला. जे तेव्हा सांगितलं नाही ते सांगायला हवं. तिनं विचारलं नसलं तरी. सत्काराहून परत आलो की लगेच येतो, म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. नाही, जाण्याआधीच. या आठवड्यात.

“ती राहते कुठं आता? गावातच आहे का?”

बाबांनी पाटीतली शेवटची शेंग उचलली, उकलली आणि दाणे सुपात टाकले.

“भाकरी कशी होती?” त्यांनी विचारलं.

“भाकरी?”

“तू मागून घेतलीस ती.”

“चांगली होती, बाबा. पण...”

तो थांबला. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. ओसरीपासून ते दार लांब नाही, मधे फक्त पंगतीची जागा आहे. एवढा वेळ आत भाकरीचा आवाज नव्हता, हे त्याला आत्ता ऐकू आलं. आत फक्त चुलीतलं लाकूड तडतडत होतं.

तो माझ्याकडं वळला. मी मान खाली घातली. तेवढं त्याला पुरलं.

बाबांनी हात पुढं केला. त्यांना गुडघ्यांमुळे एकट्यानं उठता येत नाही. प्रभंजननं हात दिला आणि त्यांना उभं केलं. मला वाटलं बाबा आता पडायला खोलीकडं जातील, रोज याच वेळी जातात. पण ते त्याचा हात धरून पंगतीच्या जागेतून निघाले.

कार्तिकीच्या जागेपाशी आल्यावर प्रभंजननं पाय आखडला आणि वळसा घेतला. बाबांनीही घेतला.

दोघं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पोचले. आत अंधार होता आणि धूर होता. चुलीपुढं मंगल आता दाराकडं पाठ करून बसली होती. हात पिठाच्या परातीत होते आणि ते हलत नव्हते. ती वळली नाही.

प्रभंजन उंबऱ्याशी उभा राहिला. त्यानं बाबांचा हात आणखी घट्ट धरला. लहानपणी शाळेच्या पहिल्या दिवशी त्यानं माझा धरला होता, तसाच.

बाबांनी दुसऱ्या हातानं त्याची बोटं सोडवली. एकेक करून, सावकाश.

“आता मी हात धरणार नाही,” ते म्हणाले. “तुझा तू जा.”